अल खूदची हाडे आणि अष्टग्रहीची धास्ती

ओमानच्या सीब विलायतीत अल खूद नावाची वस्ती आहे. सुलतान काबूस विद्यापीठ तिथलेच. याच वस्तीचे नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी गोट्या-दगडांनी जमलेल्या एका जुन्या खडकाच्या थराला दिले आणि त्या थरात डायनोसॉरांची हाडे मिळाली. ती जनावरे डायनोसॉरांच्या राज्याच्या अखेरच्या साठ-एक लाख वर्षांतली.

त्यांचा शेवट मराठी माणसाच्या पायाखालच्या दगडाशी जोडलेला आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी सुमारे 10 किलोमीटर रुंदीचा अशनी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ आदळला. त्याच सुमारास सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा होऊन थरावर थर पसरत होता. पक्षी सोडून सारे डायनोसॉर आणि जवळपास तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. बहुतेक अभ्यासक मुख्य दोष अशनीला देतात. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद घालायला दोन्ही बाजूंच्या हाती दगड आहेत, ते कोणालाही तपासता येतात.

भाकितांकडे असा दगड नसतो. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही जुळली आणि जग बुडणार अशी आवई देशभर उठली. ठिकठिकाणी यज्ञ पेटले, जप सुरू झाले, लोकांनी प्रवास टाळले. सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे सात आकाशात होतेच, आठवा केतू. केतू हा गोळा नव्हे, चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते तो नुसता बिंदू. चंद्र-सूर्य त्या बिंदूजवळ एकत्र आले म्हणून 5 फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण झाले, इतकेच. ग्रहांच्या ओढीचे म्हणाल तर शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही समुद्राला भरती आणण्याची त्याची ताकद चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नसते.

चीड येते ती घाबरलेल्यांची नव्हे, घाबरवणाऱ्यांची. कारण त्यांना पोथ्यांचाही आधार नव्हता. पौराणिक हिशेबात कलियुग 4,32,000 वर्षांचे, ते इ.स.पू. 3102 मध्ये लागले असे मानले तर अजून सव्वाचार लाखांहून जास्त वर्षे उरतात. कयामतीची घटका फक्त अल्लाहला ठाऊक, असे कुराण सांगते. तारखा काढतात ती माणसे.

ओमानच्या किनाऱ्याला तारीख हवी असते ती वादळाची. जून 2007 मध्ये गोनू चक्रीवादळ आले तेव्हा त्याची वाट उपग्रहांनी आधीच टिपली होती. हजारोंना किनाऱ्यावरून हलवले गेले. तरी ओमानमध्ये पन्नासच्या आसपास माणसे दगावली, मस्कत पाण्याखाली गेले. पण इशारा नसता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचारही नको वाटतो.

विज्ञानही भाकीत बदलते, आणि का बदलले ते सांगते. 2004 मध्ये अपोफिस हा लघुग्रह सापडला तेव्हा 2029 साली तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता काही दिवस 2.7 टक्क्यांपर्यंत गेली होती. निरीक्षणे वाढली तशी ती शून्यावर आली. 2021 मध्ये नासाने पुढची शंभर वर्षे धोका नसल्याचे जाहीर केले. 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीपासून सुमारे 32 हजार किलोमीटरवरून जाईल. तो सर्वांत जवळ येईल तेव्हा ओमानच्या घड्याळात मध्यरात्र उलटून 14 तारीख लागलेली असेल.