नाव मोठे की माल चांगला? किराणा भरताना पाकीट उलटून बघा



रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या ओट्यावर महिला मंडळाच्या गप्पा सुरू झाल्या. एका सुनेने आदल्या दिवशी मॉलमधून महिन्याचा किराणा आणला होता. तूरडाळ, मीठ, साखर, रवा, सगळ्या पाकिटांवर त्या मॉलचेच नाव. टीव्हीवर दिसणारी कंपनी एकही नाही. तिचा हिशोब सरळ होता, एका फेरीत दोनशे रुपये वाचले. सासूबाईंना मात्र ते पटले नव्हते. त्या म्हणाल्या, "आमचं आयुष्य कणीच्या भातावर आणि दुसऱ्यानं निवडून टाकलेल्या डाळीवर गेलं. आता पोरगा कमावतो, तर घरात परत हलकंच आणायचं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या मागच्या पिढ्यांना बाजारातला चांगला माल सहजासहजी मिळाला नाही. म्हणून आज नावाजलेल्या कंपनीचे पाकीट घरात आले की ते नुसते पाकीट राहत नाही, तो मानाचा विषय होतो. पाहुण्यांसमोर चहाचा कोणता पुडा फोडतो, याचाही आपण विचार करतो. पण मान मोठ्या नावात असतो की चांगल्या मालात, हे एकदा नीट पाहायला हवे. कारण नावासाठी मोजलेला पैसा महिनाअखेरीस मुलांच्या अंड्यातून आणि भाजीतूनच कापला जातो.

मॉलच्या नावाचा माल म्हणजे काय?

मोठी दुकाने स्वतः डाळ पिकवत नाहीत आणि बहुतेक वेळा स्वतः मीठही दळत नाहीत. ती एखाद्या गिरणीकडून किंवा कारखान्याकडून माल तयार करून घेतात आणि पाकिटावर आपले नाव छापतात. या मालाची टीव्हीवर फारशी जाहिरात नसते, मधल्या वितरकाचा नफा वाचतो, आणि माल त्यांच्याच फळीवर विकला जातो. म्हणून तो स्वस्त पडतो. स्वस्त आहे म्हणजे हलका आहे, असे गणित नाही. तसेच महाग आहे म्हणजे कसदार आहे, असेही नाही. मोठ्या कंपनीच्या किमतीत मालाबरोबर जाहिरातीचा खर्चही धरलेला असतो आणि तो आपणच भरतो.

आपल्या वस्तीत आणखी दोन प्रकार दिसतात, ते वेगळे ओळखावेत. एक, कोपऱ्यावरचा किराणावाला पोत्यातला माल पारदर्शक पिशवीत भरून ठेवतो तो. दुसरा, नावाजलेल्या कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदलून, तोच रंग आणि तसेच चित्र छापून विकला जाणारा माल. हा दुसरा प्रकार म्हणजे सरळ फसवणूक. तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू माहितीची

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले होते की एखादी गोष्ट कानावर आली, परंपरेने चालत आली किंवा कोणी मोठ्याने सांगितली एवढ्यावरून ती खरी मानू नका, स्वतः पारखून घ्या. किराणा भरतानाही हेच लागू आहे. 'शुद्ध', 'ताजे', 'आरोग्यदायी', 'नंबर १' हे सगळे शब्द पुढच्या बाजूला असतात. पाकीट उलटा आणि मागे या पाच गोष्टी शोधा.

१. परवाना क्रमांक: 'एफएसएसएआय' या अक्षरांजवळ १४ आकडी क्रमांक असतो. तो नसेल तर पाकीट परत ठेवा. पण हा क्रमांक म्हणजे उत्तम दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. माल बनवणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची सरकारकडे नोंद आहे आणि तक्रार झाली तर त्याला गाठता येते, एवढाच त्याचा अर्थ.

२. कोणी बनवले, कोणी विकले: मॉलच्या मालावर विकणाऱ्याबरोबर बनवणाऱ्याचे किंवा पाकिटात भरणाऱ्याचे नाव-पत्ताही असतो. पत्ताच नसलेला माल घेऊ नये.

३. घटकांची यादी: जो घटक वजनाने सर्वात जास्त, तो यादीत पहिला. पुढे 'गव्हाचे बिस्कीट' लिहिले असेल आणि मागे पहिला शब्द मैदा असेल, तर ते मैद्याचेच बिस्कीट. ब्राऊन ब्रेडच्या मागे कॅरमेल रंग, म्हणजे '१५० ए' असा उल्लेख दिसला, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा असेलच असे नाही.

४. तारीख: बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचे ती मुदत. 'एकावर एक मोफत' असेल तिथे मुदत दोनदा वाचा. संपत आलेल्या मुदतीचा माल खपवायला अशा योजना निघतात.

५. वजन आणि दर: एमआरपीजवळ आता दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती रुपये पडतात तेही छापलेले असते. तुलना त्याच आकड्याची करा. दोन पाकिटे सारखीच फुगलेली दिसतात, पण एकात ५०० ग्रॅम आणि दुसऱ्यात ४५० ग्रॅम असू शकते.

वाचायला अडचण असेल तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला सोबत न्या. ती वाचतील आणि शिकतीलही.

जिथे नावाला जास्त पैसे देऊ नयेत

मीठ, साखर, रवा, पोहे, साबुदाणा, तांदूळ आणि अख्ख्या डाळी व कडधान्ये. या वस्तू डोळ्यांनी पारखता येतात किंवा त्यांच्यात मुळातच फारसा फरक नसतो.

मिठाचेच घ्या. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असलेच पाहिजे, असा नियम आहे. ग्राहकाच्या हाती पडताना ते दहा लाख भागांत किमान १५ भाग असावे लागते. हा नियम महागड्या मिठालाही आहे आणि मॉलच्या नावाच्या मिठालाही. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून 'आयोडीनयुक्त' हा शब्द वाचा आणि त्यातले स्वस्त मीठ घ्या. ते झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा. गुलाबी मिठाच्या जाहिरातीला भुलू नका. ते अनेक पटींनी महाग असते आणि त्यात आयोडीन घातलेले असेलच असे नाही. मीठ कोणतेही असो, मोठ्या माणसाला दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड आणि फरसाणातले मीठही त्यातच धरायचे.

डाळ सुट्टी घेतली तरी चालते, मात्र ताटात पसरून पाहा. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळण्याचा प्रकार जुना आहे. विदर्भात तिला लाखोळी म्हणतात. तिचा दाणा तुरीसारखा गोलसर नसतो. तो चौकोनी आणि एका बाजूने उतरता असतो. ही डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. फार पिवळीधमक, चकचकीत डाळही टाळा.

सुट्टा माल स्वस्त असण्याचे आणखी एक कारण आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्ट्या मालावर तो लागला नाही.

रेशनचा तांदूळ तर बिननावाचाच. त्यात वेगळे दिसणारे काही दाणे आढळले की 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून बायका ते निवडून फेकतात. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असून त्यांत लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले असते. ते फेकू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र या तांदळाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

जिथे स्वस्ताला भुलू नये

जे दळलेले आहे, गाळलेले आहे किंवा पातळ आहे, त्यात काय मिसळले ते डोळ्यांना दिसत नाही. तिखट, हळद, मसाले, तेल, तूप, दूध यांत दहा रुपये वाचवण्याच्या नादात दवाखान्याचा खर्च वाढतो.

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. हजारो लोक आजारी पडले, साठाहून अधिक दगावले. त्यानंतर सुट्ट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. पाच-दहा रुपयांचे तेल बाटलीत मोजून घेण्याची सवय हातावर पोट असणाऱ्या घरांना नाइलाजाने लागते. पण शक्य असेल तिथे पाकीटबंद तेलच घ्या. ते मॉलच्या नावाचे असले तरी चालेल. पाकिटावर निळ्या चौकोनात 'एफ' आणि अधिकचे चिन्ह दिसले, तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्वे घातलेली आहेत असे समजा.

हळद घरी तपासता येते. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे होते. पाणी गडद पिवळे झाले तर रंगाची भेसळ असण्याचा संभव आहे. तिखट पाण्यावर भुरभुरा. लाल रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर रंग घातलेला आहे. सर्वात चांगले म्हणजे अख्ख्या मिरच्या आणि हळकुंडे आणून चार घरांनी मिळून डंकावर दळून घेणे. बचत गटाच्या ताई मसाला विकत असतील तर त्यांच्याकडून जरूर घ्या. पण नोंदणी, तारीख आणि पत्ता त्यांनीही लिहायलाच हवा. आपल्या माणसाचा माल म्हणून त्यात सूट नाही.

जिथे दोन्ही नकोत

क्रीमची बिस्किटे, चिप्स, नूडल्स, रंगीत सरबते. यात मोठ्या कंपनीचे चांगले की मॉलचे चांगले, हा वादच व्यर्थ आहे. दोन्हीच्या मागे मैदा, साखर, पाम तेल आणि मीठच लिहिलेले सापडेल. मुलांची उंची आणि बुद्धी वाढवण्याचे वचन देणाऱ्या दुधातल्या भुकटीचेही तसेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'आरोग्यपेय' या नावाखाली न विकण्याची सूचना दिली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्यपेय' असा प्रकारच नाही. आधी त्या डब्यामागे साखर किती ते पाहा. तेवढ्याच पैशात शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ किती येतो, तेही पाहा.

मॉल लांब, उधारी जवळ

हे सगळे खरे असले तरी वस्तीतली अडचण वेगळी असते. मॉल दूर असतो. रिक्षाला जाऊन-येऊन ऐंशी रुपये गेले तर बचत रिक्षातच संपली. शिवाय रोजंदारीवरच्या घराला महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला उधारी देतो, आणि आजारपणात तीच उधारी उपयोगी पडते. म्हणून त्याला सोडा असे सांगणे शहाणपणाचे नाही. मात्र उधारीच्या वहीत काय लिहिले जाते ते रोजच्या रोज बघा, आणि पाकिटाची मागची बाजू त्याच्या दुकानातही वाचा.

एक मार्ग विहारातूनच निघू शकतो. पाच-सहा घरांनी मिळून महिन्यातून एकदा डाळ, तांदूळ, साखर, तेल एकत्र आणावे. भाडे वाटले जाते आणि मोठ्या पोत्याचा दर कमी पडतो. माल वाटताना सर्वांसमोर वजन करा आणि पावती विहारात दाखवा, म्हणजे मने दुखावत नाहीत.

माल खराब निघाला, वजन कमी भरले किंवा एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. भेसळीसाठी अन्न व औषध प्रशासन आहे, वजनमापासाठी वैधमापन विभाग. पावती आणि पाकीट जपून ठेवा.

वाचलेले पैसे ताटात दिसले पाहिजेत

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. आपण निदान आपल्या घरातल्या रुपयाचा हिशोब तरी मांडू या. समजा महिन्याला २०० रुपये वाचले आणि अंडे ७ रुपयांना आहे, तर २८ अंडी येतात. चार माणसांच्या घरात प्रत्येकाला सात. अंडी नको असतील तर शेंगदाणे, मेथी-पालक, लिंबू, हरभरे आणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आणि आपल्या घरांत सर्वात शेवटी जेवते ती बाईच. वाचलेल्या पैशाचे अंडे आधी तिच्या आणि मुलीच्या ताटात पडले पाहिजे. ते पैसे मोबाईलच्या रिचार्जमध्ये गेले तर डाळीचे नाव बदलून काहीच साधले नाही.

त्या रविवारी सूनबाईने मॉलच्या डाळीचे पाकीट पिशवीतून काढून ताटात ओतले. सासूबाईंनी सवयीने बोटे फिरवली, चार दाणे वेचून बाजूला केले, एक दाणा दाताखाली फोडला. "डाळ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण तिखट मात्र मी आणीन, मिरच्या बघून." दोघींचेही बरोबर होते. आयुष्यभर दुसऱ्याने टाकलेले धान्य निवडताना जी नजर त्यांना आली, ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाची आहे. घरातल्या अशा म्हाताऱ्या माणसांना या महिन्यात किराण्याच्या दुकानात सोबत घेऊन जा. त्या डाळ बघतील, तुम्ही पाकिटाची मागची बाजू वाचा.