चीर सापडली... आता पुढे काय?

अणुभट्टीच्या पाइपला चीर गेली आहे असं कुणी सांगितलं तर पहिला विचार काय येईल? पळा! दुसरा विचार, प्लांट ताबडतोब बंद करा. पण इंजिनिअरला त्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. चीर किती खोल आहे? किती लांब आहे? आणि किती वेगाने वाढते आहे? याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण म्हणजे पालघर जिल्ह्यातलं तारापूर.

तारापूरची पहिली दोन युनिट्स 1969 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. डिझाइन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचं, प्रकार बॉइलिंग वॉटर रिॲक्टर. यात भट्टीतलं साधारण 280 अंश सेल्सिअसचं पाणी पंपाने सतत फिरवलं जातं. त्यासाठीचे रीसर्क्युलेशन पाइप स्टेनलेस स्टीलचे. आता स्टेनलेस म्हणजे न गंजणारं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. मग चीर जाते कशी?

त्याचं उत्तर वेल्डिंगमध्ये आहे. सिन्नर एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये स्टेनलेसचा जोड बघा. जोडाच्या दोन्ही बाजूंना रंग बदललेला पट्टा दिसतो. तेवढ्या भागाने उष्णता खाल्ली आहे याची ती खूण. स्टील साधारण 500 ते 800 अंशांच्या दरम्यान जास्त वेळ राहिलं की त्यातला कार्बन ग्रेनच्या सीमेवर क्रोमियमशी संयोग करतो. मग सीमेलगत क्रोमियम कमी पडतं, आणि गंजापासून वाचवणारं तर तेच असतं! म्हणजे भिंतीतले दगड शाबूत, पण मधला चुना झिजलेला. ह्यालाच सेन्सिटायझेशन म्हणतात.

पण एवढ्याने चीर जात नाही. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: असं कमजोर झालेलं स्टील, जोडात उरलेला ताण, आणि ऑक्सिजन असलेलं गरम पाणी. भट्टीत रेडिएशनमुळे पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजन तयार होतोच. मग चीर ग्रेनच्या सीमेसीमेने आत शिरते. अमेरिकेत 1974 मध्ये ड्रेस्डेनसारख्या अणुवीज केंद्रांत अशा चिरा सापडल्या आणि जगभर तपासणीचा धडाका सुरू झाला. तिघांपैकी एक गोष्ट काढली की प्रश्न सुटतो. म्हणून कमी कार्बनचं स्टील वापरतात, जोडातला ताण कमी करतात किंवा पाण्यात हायड्रोजन सोडून ऑक्सिजन घटवतात.

आता मुख्य मुद्दा. चीर सापडल्यावर ठरवायचं कसं? समजा पाइपची जाडी 20 मिमी आहे आणि अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये 4 मिमी खोल चीर दिसली. (हे आकडे फक्त समजण्यासाठी!) मोजण्यात 1 मिमीची चूक धरली, म्हणजे 5. वाढीचा वेग वर्षाला 1 मिमी आणि पुढची तपासणी दीड वर्षाने, म्हणजे 6.5. आता चिरेची लांबी आणि पाइपवरचा लोड धरून गणिताने चालण्याजोगी खोली काढायची. समजा ती 10 मिमी आली. 6.5 हे 10 पेक्षा कमी, म्हणून पुढच्या तपासणीपर्यंत चालवता येईल. लक्षात घ्या, 'पुढच्या तपासणीपर्यंत', कायमचं नव्हे!

ह्या 10 मध्ये सेफ्टी फॅक्टर आधीच धरलेला असतो. नेहमीच्या लोडसाठी तो साधारण अडीचच्या आसपास. आणि गणित काहीही म्हणो, अमेरिकेच्या एएसएमई कोडप्रमाणे चीर जाडीच्या 75 टक्क्यांपलीकडे चालवून घेत नाहीत. हिशोबात बसलं नाही तर जोडावर बाहेरून वेल्डचा जाड थर चढवायचा, नाहीतर पाइपच बदलायचा.

एवढा विश्वास ठेवता येतो कारण हे स्टील चिवट असतं. काचेचा ग्लास तडकला की एकदम फुटतो, पण चिवट पाइप बहुतेक वेळा फुटण्याआधी गळतो. गळती सेन्सरला कळते आणि प्लांट थांबवता येतो. याला 'लीक बिफोर ब्रेक' म्हणतात. अर्थात त्यावर विसंबून तपासणी सोडायची नसते.

तारापूरला गळतीची किंमत मोजावी लागली आहे. सेकंडरी स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्याने 1980 च्या दशकात ते जनरेटर बाजूला काढले गेले आणि प्रत्येक युनिटची क्षमता 210 वरून 160 मेगावॅटवर आली. 2020 पासून ही युनिट्स बंद ठेवून रीसर्क्युलेशन पाइप बदलण्याचं मोठं काम हाती घेतलं गेलं. म्हणजे हिशोब करून चालवायचं, आणि वेळ आली की बदलायचं.

पण ह्या सगळ्या हिशोबाच्या मुळाशी आहे ते पहिलं रीडिंग. आणि ते घेणं सोपं नाही. स्टेनलेसच्या वेल्डमध्ये ग्रेन मोठे असल्याने ध्वनिलहरी विखुरतात. कधी जोडाच्या आकाराचाच प्रतिध्वनी चिरेसारखा दिसतो, तर कधी खरी चीर त्याच्यामागे लपते. तिथे माणसाचा प्रामाणिकपणा लागतो.

जपानमध्ये 2002 साली टेपको कंपनीने तपासणीचे रिपोर्ट खोटे लिहून चिरा लपवल्याचं उघड झालं. त्या काळी तिथे चालू प्लांटही नव्यासारखा असावा अशी अपेक्षा होती. चीर सापडली तर ती कशी जोखायची याचा नियमच नव्हता. खरं सांगावं तर प्लांट बंद, म्हणून लपवालपवी! एप्रिल 2003 पर्यंत कंपनीच्या सगळ्या 17 अणुभट्ट्या तपासणीसाठी थांबवाव्या लागल्या. त्यानंतर जपाननेही चिरा जोखण्याचे नियम आणले. चीर मान्य करायला जागा ठेवली, तर ती लपवायचं कारण उरत नाही.

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये जर्नल लिहिताना ग्राफवर रीडिंग 'बसवलं' जातं, हे काही कुणापासून लपलेलं नाही. तिथे फार तर दोन मार्क जातात. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी एखाद्या पाइपच्या रिपोर्टवर सही करणार आहे. तिथे 4 मिमी असेल तर 4 च लिहायचं. पुढचं गणित सांभाळून घेतं, पण फक्त खऱ्या आकड्याला!