सहाव्या वर्षी येणारी दाढ सांभाळा

मुलाच्या दाढेवर काळा ठिपका दिसला की घरात हमखास ऐकू येते, ‘दुधाची आहे, पडेल आपोआप.’ सहा-सात वर्षांच्या मुलाबाबत हा अंदाज अनेकदा चुकतो. या वयात दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, चार कायमच्या दाढा येतात. पालकांना त्या आल्याचे कळतही नाही. यातली एखादी किडून काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दातावरील एनॅमलमधील क्षार विरघळतात. लाळ ही झीज भरून काढते, पण तिला वेळ लागतो. गोळी, बिस्कीट, गोड चहा असे दिवसभर थोडे थोडे तोंडात जात राहिले, तर तो वेळच मिळत नाही. म्हणूनच गोड किती खाल्ले याइतकेच, किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे. नव्या दाढेवरील खाचा खोल असतात, त्यात अन्न अडकते आणि ब्रश तिथपर्यंत नीट पोहोचत नाही.

२००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ५ वर्षांच्या सुमारे ५२ टक्के, तर १२ वर्षांच्या जवळपास ५४ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. दाढ दुखू लागली की मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, शाळा बुडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. वैद्यकीय पथक शाळेत येते आणि त्यात दातही पाहिले जातात. खरी अडचण पुढे असते. गंगापूर तालुक्यातील लासूर स्टेशन हे मनमाड–छत्रपती संभाजीनगर रेल्वेमार्गावरील बाजारपेठेचे गाव. येथून वा आसपासच्या खेड्यांतून मुलाला उपचारासाठी शहरातील शासकीय दंत महाविद्यालयात न्यायचे, तर मजुरी करणाऱ्या पालकाचा एक दिवस बुडतो. दाढ दुखत नसेल, तर हे जाणे पुढे ढकलले जाते. दुर्दैवाने, दुखत नाही तोवरच उपचार सोपा असतो. कीड वरवरची असताना दाढ साध्या भरणीने वाचते. कीड नसेपर्यंत खाचा सीलंटने बंदही करता येतात. कीड नसेपर्यंत पोहोचली, की रूट कॅनाल करावे लागते किंवा दाढ काढावी लागते.

घरी काय करावे?

• सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

• सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः दात घासून द्यावेत. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये.

• मिश्रीत तंबाखू असतो. ती मुलांच्या हाती देऊ नये.

• मधल्या सुटीसाठी गोळ्या-बिस्किटांऐवजी शेंगदाणे, फुटाणे द्यावेत.

• दुधाची दाढ किडली, तरी दाखवावी. ती खालून येणाऱ्या दातासाठी जागा राखते.

शाळेतील तपासणीनंतर मुलाला चिठ्ठी दिली आहे का, हे पालकांनी विचारावे. महिन्यातून एकदा, उजेडात मुलाला ‘आ’ करायला लावून शेवटची दाढ पाहावी. खाचेत काळे दिसले, तर दुखण्याची वाट पाहू नये.