किकरीचा आवाज राहतो कुठे?

दोस्ता, एक कोडं घालू?

एक माणूस आहे. घरी तो मराठी बोलतो. बाजारात गेला की तेलुगू बोलतो. आणि हातात वाद्य घेऊन गोष्ट सांगायला बसला, की गोंडीत गातो! ओळख बरं, हा कुठला?

हरलास? मग ऐक. हा आदिलाबादचा परधान!

आता नकाशा उघड. यवतमाळ सापडलं? तिथून बोट खाली सरकव. पैनगंगा नदी ओलांडलीस, की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. आणि गंमत माहितीये? आपलं किनवट आणि आपलं राजुरा, दोन्ही 1956 पर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होती. मग तिथे मराठी कानावर पडली, तर नवल कसलं!

या भागात राजगोंड राहतात. त्यांच्या प्रत्येक कुळाची एक लांबच लांब गोष्ट असते. आपला मूळ पुरुष कोण, आपला देव कुठून आला, कोण कुणाशी लढलं, सगळं तिच्यात. ती लिहून ठेवायची पद्धत नव्हती. ती राहायची परधानांच्या, म्हणजे राजगोंडांसाठी गाणाऱ्या या लोकांच्या, डोक्यात. रात्र रात्र गाता येईल एवढी मोठी गोष्ट, तीही तोंडपाठ! तू कविता पाठ करताना कुरकुर करतोस ना? आता लाज!

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ असं भलंमोठं नाव असलेले एक ऑस्ट्रियन संशोधक होते. ते इथल्या मारलवाई गावात गोंडांमध्ये जाऊन राहिले. 1948 साली त्यांचं राजगोंडांवरचं पुस्तकही आलं. परधानांच्या गाण्यांनी त्यांना अगदी वेड लावलं होतं.

आणि या गाण्याला साथ कुणाची? किकरीची!

किकरी म्हणजे तीन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. लाकडाचं पोकळ पोट. पोटावर ताणलेलं चामडं. वर लांब दांडा. बस, एवढंच! बटण नाही, वायर नाही, स्पीकर नाही. आणि तरी अंगणात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाते.

मग प्रश्न असा, की हा आवाज राहतो कुठे? तारेत? गजात? पोटात? चल, शोधून काढू. आज आपण आवाजाचे गुप्तहेर!

पहिला संशयित, गज.

गज म्हणजे एक काठी आणि तिला ताणून बांधलेले केस. जगभर गजाला बहुतेक करून घोड्याच्या शेपटीचे केस लावतात. हो, शेपटीचे! हसू नकोस. मोठमोठ्या सभागृहांत, काळे कोट घालून जे लोक व्हायोलिन वाजवतात ना, त्यांच्याही हातात घोड्याची शेपटीच असते.

आता ओळख पाहू. समजा, तू दुकानातून कोरा करकरीत नवा गज आणलास. तो तारेवर फिरवलास. कसा आवाज येईल?

येणारच नाही!

खरंच सांगतोय. फार तर थोडं 'सस्स्' होईल. नवा गज जवळजवळ मुका असतो! केस तारेवरून नुसते घसरत जातात.

त्याला बोलतं करायला लागते राळ. चीड नावाच्या झाडाच्या खोडातून चिकट चीक गळतो. त्यावर प्रक्रिया करून राळेचा खडा बनवतात. हा खडा गजाच्या केसांवर घासायचा. केसांवर बारीक पांढरी भुकटी बसते. आणि मग गज फिरवला, की सूर!

कॅरम खेळतोस ना? बोर्डावर पावडर कशाला टाकतोस? सोंगटी सुळकन घसरावी म्हणून. राळेची भुकटी दिसते तशीच, पण काम करते बरोब्बर उलटं. ती तारेला पकडून ठेवते!

पण थांब. पकडूनच ठेवली, तर तार हलणार कशी?

हीच तर खरी जादू आहे, दोस्ता. जरा जवळ ये, नीट सांगतो.

वर्गातला बाक फरशीवरून ओढून बघ. (बाई नसताना बघ!) बाक सरळ सरकत नाही. तो अडतो, मग सुटतो, पुन्हा अडतो, पुन्हा सुटतो. हे इतक्या पटापट होतं, की 'किंऽऽऽच' असा आवाज निघतो. दाराची बिजागरी करकरते तेव्हाही हेच. धुतलेल्या काचेवर ओलं बोट घासल्यावरही हेच!

गजाखाली तारेचं तसंच होतं. राळ तारेला चिकटते. गज पुढे जातो, तार त्याच्याबरोबर ओढली जाते. ओढता ओढता तार इतकी ताणते, की राळेला ती धरवत नाही. सटाक! तार सुटते, मागे जाते. मागे गेली रे गेली, की राळ तिला पुन्हा पकडते.

चिकट, सूट. चिकट, सूट. चिकट, सूट!

आता अंदाज कर. एका सेकंदात हे किती वेळा होत असेल? पाच? दहा?

व्हायोलिनच्या एका तारेवर हे सेकंदाला 440 वेळा होतं! चारशे चाळीस! तू 'एक' म्हणेपर्यंत तार शेकडो वेळा पकडली आणि सोडली गेलेली असते. हे हिशेबात एकसारखं झालं, तर आपल्याला गोड सूर ऐकू येतो. हिशेब चुकला, की बाकाचा 'किंऽऽऽच'! म्हणजे गोड सूर आणि बाकाचा किंचाळा हे सख्खे चुलतभाऊ. एक शिस्तीचा, दुसरा वांड.

पण हे एवढं वेगवान प्रकरण कुणी पाहिलं कसं? डोळ्याला तर दिसणार नाही!

जर्मनीत हेल्महोल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ होते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅमेरे तेव्हा फारच मंद होते. त्यांनी काय केलं असेल? तारेवर पिठूळ स्टार्चचा एक कण चिकटवला! स्वयंपाकघरात कॉर्नफ्लोर असतं ना, तसल्या पदार्थाचा एकच बारीक कण. मग त्या कणावर उजेड पाडला. आणि एका थरथरत्या भिंगातून त्याच्याकडे बघितलं. कण कसा नाचतो, त्यावरून तार कशी नाचते ते कळलं!

आणि जे कळलं, ते ऐकून तू उडशील. गजाखालची तार गोल कमानीसारखी डुलत असेल, असं वाटतं ना? मुळीच नाही! तारेला एक टोकदार कोपरा पडतो. तो कोपरा तारेवरून या टोकाकडून त्या टोकाकडे सुसाट पळतो आणि परत येतो. सेकंदाला शेकडो फेऱ्या! आपल्याला जी डुलणारी कमान दिसते, ती या धावपळीची अंधुक छाया.

आता आपल्याच एका माणसाकडे येऊ. रामन यांचं नाव ऐकलंयस? 28 फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन करतो, ते सी. व्ही. रामन. त्यांना 1930 साली नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या शोधासाठी. पण त्याआधी त्यांना कशाचं वेड होतं, सांग? वाद्यांचं!

तरुणपणी ते कोलकात्यात सरकारी हिशेबाच्या खात्यात अधिकारी होते. दिवसभर आकडेमोड. ऑफिस सुटलं, की हे साहेब थेट प्रयोगशाळेत! 1918 साली त्यांनी गजाखालच्या तारेवर मोठा अभ्यास छापला. मग त्यांनी चक्क व्हायोलिन वाजवणारं एक यंत्र केलं. का? तर माणसाचा हात कधी जोरात दाबतो, कधी हळू. यंत्र सारखंच दाबतं. म्हणजे मोजता येतं! आणि या यंत्रात गज हलायचाच नाही. गज जागेवर आणि व्हायोलिनच पुढे-मागे, पुढे-मागे! आहे की नाही उलटी गंमत?

त्या यंत्राने मोजून दाखवलं, की गज जसजसा घोडीच्या जवळ न्यावा, तसतसा तो जास्त दाबावा लागतो. नाही तर सूर फाटतो. घोडी म्हणजे तारांच्या खाली उभी असते ती छोटी लाकडी पट्टी. आता सांग, परधान आजोबांना हे कुणी मोजून दिलं होतं का? नाही! त्यांचा हात ऐकून ऐकून शिकला. सूर फाटला, की हात आपोआप दाब बदलतो. अशा हाताला मी तर कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त मार्क देईन. पूर्ण शंभर!

दुसरा संशयित, पोट!

एक रबरबँड घे. दोन बोटांत ताणून छेड. आवाज येतो, पण किती बारीक! आता तोच रबरबँड जेवणाच्या उघड्या डब्यावर चढवून छेड. अरे वा! आवाज केवढा मोठा झाला!

का झाला? तार असते बारीक. ती हवेत हलली तरी हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. हवेला जोराचा धक्काच बसत नाही. किकरीत तारेची थरथर घोडीवाटे खाली चामड्यात उतरते. चामडं रुंद असतं. ते थरथरलं, की पुष्कळ हवा एकदम ढकलली जाते. आणि आवाज पोचतो थेट मागच्या रांगेपर्यंत.

तिसरा संशयित मात्र वाद्यात बसलेलाच नाही. तो बाहेर असतो. कोण? हवामान!

आश्विनातली पौर्णिमा झाली, की आदिलाबादच्या गोंड गावांत दंडारी सुरू होते. दिवाळीपर्यंत रोज नाच! एका गावाची टोळी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते. त्यात गुस्साडी नावाचे नर्तक नाचतात. डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा थोरला मुकुट! मारलवाईच्याच कनक राजू यांना या गुस्साडी नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2024 मध्ये ते वारले. (2016 साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले. त्यामुळे मारलवाई आता शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.)

दंडारीत ढोल असतो, गुमेला नावाचं चामड्याचं वाद्य असतं. वाजवणारे कोण? गावातलेच लोक. एरवी शेतात राबणारे. पण दिवाळीच्या दिवसांत रात्री दव पडतं. हवा दमट होते. चामडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. मग 'ढंग' ऐवजी 'धप्प'!

यावर उपाय? शेकोटी! तेलंगणातला डप्पू आणि आपली हलगी, दोन्ही वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात. तू पाहिलंही असशील मिरवणुकीत. ऊब लागली, की चामड्यातलं पाणी उडून जातं. चामडं आक्रसू बघतं. पण कडेने ते पक्कं बसवलेलं असतं, मग आक्रसणार कुठे? ते ताणलं जातं. आणि ताणलेलं चामडं भराभर थरथरतं, म्हणून आवाज खणखणीत!

पण जास्त शेकलं तर? टर्रकन फाटलं! म्हणून शेकणारा मधेच टिचकी मारून ऐकतो. पुन्हा शेकतो. पुन्हा टिचकी. त्याचं मीटर म्हणजे त्याचा कान.

आता बाजारात चामड्याच्या जागी बसवायला प्लॅस्टिकचं पान मिळतं. त्याला दव लागत नाही, शेकोटीही लागत नाही. सोय मोठीच! पण त्याचा आवाज मला कोरडा वाटतो. चामड्याची मजा वेगळी. तुला काय वाटतं, ते दोन्ही ऐकून तूच ठरव.

बरं, एक वाद्य राहिलंच की! परधानांचं पेपरे. हे फुंकून वाजवायचं, आपल्या सनईच्या घराण्यातलं. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची मोठी जत्रा भरते. मेसराम कुळाचे लोक त्यासाठी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. तिथे पेपरे कडाडतं, ते गर्दीच्या गलक्यातूनही ऐकू येतं.

अशा वाद्याच्या तोंडाशी पातळ पात्या असतात. फुंकर घातली, की त्या फटाफट मिटतात आणि उघडतात. फुंकरीचे बारीक बारीक तुकडे होतात. ते तुकडेच नळीतून सूर होऊन बाहेर पडतात.

हे तुला घरी करता येईल, आत्ता! एक स्ट्रॉ घे. तिचं एक टोक दाबून चपटं कर. कात्रीने त्या टोकाच्या दोन्ही कडा तिरक्या काप, म्हणजे टोक पेन्सिलीसारखं निमुळतं होईल. ते टोक ओठांत धर. दातांत नको! ओठांनी हलकं दाब आणि जोरात फुंक.

'प्वांऽऽऽ!'

आता खरी धमाल. ताईला किंवा दादाला सांग, की तू फुंकत असताना स्ट्रॉचं दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत जा. प्रत्येक तुकडा पडला, की सूर वर चढतो! नळी आखूड, सूर उंच.

पहिल्यांदा नाही वाजली, तर घाबरू नकोस. टोक अजून चपटं कर, ओठ थोडे पुढे-मागे सरकव. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असं म्हणतात ना? स्ट्रॉ मात्र खाऊ नकोस हं! दुसरी घे आणि पुन्हा काप. आणि तुझी पिपाणी किती आखूड होईपर्यंत वाजली, ते पट्टीने मोजून आम्हाला पत्राने नक्की कळव!