लय चुकतेय की लॅपटॉप उशीर करतोय?

घरी लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड करून पाहिलं असेल, तर हे बहुधा तुमच्याही बाबतीत झालं असेल. हेडफोनमध्ये तबल्याचा ट्रॅक चालू आहे, तुम्ही गायला लागता आणि स्वतःचाच आवाज किंचित मागून ऐकू येतो. मग नकळत गाणं रेंगाळतं, सम निसटते. चांगले तयारीचे लोकही इथे 'आपली लयच कच्ची' म्हणून हार मानतात. बऱ्याचदा दोष लयीचा नसतो, बफरचा असतो.

माइकमधला आवाज ऑडिओ इंटरफेस सेकंदाला 44,100 वेळा मोजतो. हा झाला सॅम्पल रेट, आणि प्रत्येक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल. पण संगणक एकेक सॅम्पल हातात घेत बसत नाही. ठरलेल्या संख्येचा गठ्ठा जमू देतो, मग त्यावर काम करतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. तो 512 चा असेल, तर भरायला साधारण 11.6 मिलिसेकंद लागतात. आत जाताना एक गठ्ठा, हेडफोनकडे परत येताना एक, म्हणजे झाले 23. इंटरफेस आणि ड्रायव्हर आपला वेळ घेतात तो वेगळाच. या एकूण उशिराला लेटन्सी म्हणतात.

23 मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतंय? हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला जवळपास आठ मीटरवरून ऐकू येतोय! शिवाय हाडांमधून थेट कानात पोचलेल्या आवाजात तो मिसळतो आणि सगळं पोकळ वाटायला लागतं. ब्लूटूथ हेडफोनचं तर विचारूच नका. तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली, तर चौगुणीतलं एक अख्खं अक्षर मागे.

मग बफर कायम लहानच का ठेवू नये? पंगतीत तव्यावरची एकेक गरम पोळी वाढायची ठरवली आणि लाटणारीचा हात जरा थांबला, की ताट रिकामं. प्रोसेसरचंही तेच होतं. गठ्ठा वेळेत तयार झाला नाही की रेकॉर्डिंगमध्ये 'टक टक' असे आवाज येतात. पोळ्यांची चळत आधीच तयार असली की ही धावपळ नाही.

म्हणून गाताना बफर 64 किंवा 128 ठेवा, जड इफेक्ट्स बंद करा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर निवडा. नंतर मिक्सिंग करताना 1024 केलात तरी बिघडत नाही, तेव्हा कुणी गात नसतं.

इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटरिंग'चं बटण असेल तर आणखी सोपं. माइकचा आवाज संगणकात न फिरता सरळ हेडफोनला मिळतो. मात्र सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब यात मिळत नाही, गळा जरा कोरडा वाटतो. माझ्या मते लय सांभाळायची तर तेवढं चालवून घ्यावं. आणि हेडफोन वायरचाच घ्या.