पेणची पीओपी मूर्ती बादलीत कशी विरघळते?

पेण आणि जवळच्या हमरापूर-जोहे गावांतून दरवर्षी लाखो गणेशमूर्ती बाहेर पडतात. त्यांतल्या कितीतरी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या असतात. शाडू पाण्यात सुटतो. प्लास्टरचे मात्र जिप्सम झालेले असते आणि ते महिनोन्महिने तसेच पडून राहते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर फार सुंदर तोड काढली: अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीत बिस्किटे फुगवायला वापरतात ती पावडर. तिच्या द्रावणात मूर्ती ठेवली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते. तेच नत्र देणारे खत! पाणी पातळ करून झाडांना घालता येते. लहान मूर्तीला अधूनमधून ढवळत साधारण दोन दिवस लागतात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये ही पावडर नागरिकांना वाटली. रंग मात्र विरघळत नाही. तो वेगळा गाळून काढावा लागतो.