अखेरच्या मुक्कामाची सोबत

औषधानें रोग हटण्याची आशा संपली, म्हणजे रोग्याच्या खाटेभोंवतीं एक चमत्कारिक शांतता पसरते. डॉक्टरांच्या फेऱ्या कमी होतात; भेटीला आलेले आप्त हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून उठतात. रोगी मात्र जागा असतो. हें माझ्याच वांट्याला कां आलें? कोणाची क्षमा मागावयाची राहिली? पुढें काय? असे प्रश्न त्याच्या मनांत घोळत असतात. या प्रश्नांशीं वैद्यकाला कांहीं कर्तव्य नाहीं, असें पुष्कळ काळ मानलें जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही समजूत बदलली.

त्या बदलाची कथा लंडनमधील एका रुग्णालयांत सुरू होते. सिसिली साँडर्स (१९१८–२००५) या बाई प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडून रोग्यांच्या घरगुती अडचणी पाहण्याचें काम त्यांनीं पत्करलें. तेथें १९४७ सालीं त्यांची डेव्हिड टास्मा नांवाच्या रोग्याशीं गांठ पडली. तो पोलंडांतून आलेला ज्यू निर्वासित. वाढप्याचें काम करून पोट भरणारा. वय अवघें चाळीस, कर्करोग असाध्य, आणि परक्या देशांत जवळचें असें कोणी नाहीं. आपलें आयुष्य फुकट गेलें, ही टोंचणी त्याला रोगाइतकीच छळीत होती. बाई श्रद्धाळू ख्रिस्ती. टास्मा आपल्या पूर्वजांच्या धर्मापासूनहि दुरावलेला. एके दिवशीं त्यानें धीर येईल असें कांहीं तरी म्हणावयास सांगितलें. बाईंनीं तेविसावें स्तोत्र म्हटलें. तें ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाहि आपलें. पुढें पुस्तक आणून वाचूं काय, असें विचारतां त्यानें नको म्हटलें. त्याला हवें होतें तें बाईंच्या स्वतःच्या मनांत आणि अंतःकरणांत असलेलें. असाध्य रोग्यांसाठीं एक निराळें घर असावें, ही कल्पना दोघांच्या बोलण्यांत निघे. त्या घरांत आपण एक खिडकी होऊं, असें सांगून त्यानें बाईंच्या नांवें ५०० पौंड ठेवले. १९४८ च्या फेब्रुवारींत तो वारला.

या खिडकीभोंवतीं घर उभें राहावयास १९ वर्षें लागलीं. साँडर्सबाई त्यासाठीं वैद्यक शिकल्या, १९५७ सालीं डॉक्टर झाल्या, आणि १९६७ सालीं लंडनच्या सिडनहॅम भागांत सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झालें. हॉस्पिस म्हणजे मुळांत यात्रेकरूंनीं उतरावयाची जागा, आपल्याकडील धर्मशाळेसारखी. येथें रोग्याच्या दुःखाचा विचार चार अंगांनीं होऊं लागला: शरीराची कळ, मनाची भीति, संसाराची काळजी आणि आत्म्याची तळमळ. या चारांच्या एकत्रित पिळाला बाईंनीं ‘समग्र वेदना’ या अर्थाचें नांव दिलें. एका अंगाकडे दुर्लक्ष झालें तर दुसऱ्याचें दुखणें वाढतें. मुलीशीं अबोला धरून बसलेल्या बापाला मॉर्फीनची मात्रा वाढवूनहि चैन पडत नाहीं. उलट, तीव्र कळा सोसणाऱ्यापुढें अध्यात्माच्या गोष्टी करणें हा क्रूरपणा होय. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तींत शारीरिक आणि मानसिक दुःखांबरोबर आध्यात्मिक दुःखाचाहि स्पष्ट उल्लेख आहे.

मग ही सेवा करावयाची कशी? तिचें पहिलें साधन म्हणजे प्रश्न. अमेरिकेंतील डॉक्टर क्रिस्तिना पुचाल्स्की यांनीं १९९६ सालीं यासाठीं एक सोपी प्रश्नावली बसविली. तिचे भाग चार. रोग्याला जगण्याचा आधार कशांत वाटतो? आजारपणांतील निर्णय घेतांना त्या आधाराला तो किती महत्त्व देतो? त्याचे सोबती कोण: मंदिर, मशीद, चर्च, कीं चार जुने मित्र? आणि शुश्रूषा करणारांनीं त्याबाबत काय करावें, अशी त्याची इच्छा आहे? कोणताहि धर्म न मानणाऱ्यालाहि उत्तर देतां यावें, असे हे प्रश्न आहेत.

उत्तरें अर्थातच निरनिराळीं येतात. हिंदु घरांत तुळशीपत्र आणि गंगाजल तोंडांत घालण्याची रीत आहे. मुसलमान रोग्याचें तोंड किब्ल्याकडे करून त्याच्या कानाशीं हलकेच कलमा म्हणतात. कॅथलिक माणसाला धर्मगुरूच्या हातून पवित्र तेलाचा संस्कार हवा असतो. जैनाला णमोकार मंत्र ऐकावयाचा असतो. परंतु धर्माचें नांव कळलें म्हणजे माणूस कळला, असें नव्हे. एकाला उशाशीं भजन हवें असतें, तर त्याच्या सख्ख्या भावाला नुसती शांतता.

मुंबईंत या विचाराला १९८६ सालीं जागा मिळाली. टाटा रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉक्टर लुइस डिसूझा यांच्या पुढाकारानें वांद्र्यास, माउंट मेरीच्या देवळाजवळ, शांति अवेदना सदन निघालें. भारतांतील तें पहिलें हॉस्पिस. पुढें गोव्यांत लोटली येथेंहि त्याची शाखा झाली. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेंतील रोग्यांना तेथें मोबदला न घेतां ठेवून घेतात. शुश्रूषा ख्रिस्ती भगिनी करतात; रोगी सर्व धर्मांचे असतात. संस्थेच्या नांवांत मात्र कोणत्याहि एका धर्माची खूण नाहीं. त्यांत शांति आहे आणि वेदनेपासून सुटका आहे.

अशाच ठिकाणीं या सेवेची कसोटी लागते. मरणाच्या दारांतील माणूस हळवा आणि परावलंबी असतो. पाणी पाजणाऱ्या हाताला नाहीं म्हणणें त्याला जड जातें. म्हणून त्या हातानें आपला पंथ पुढें करणें हा विश्वासघात होय. सर्व धर्मांची खिचडी करून ती प्रत्येकाच्या ताटांत वाढणेंहि बरें नव्हे. ज्याला सामुदायिक प्रार्थना रुचते त्यानें तींत बसावें, इतरांवर तिची सक्ति नसावी. तिसरी अडचण घरांतलीच असते. आयुष्यभर देवापुढें न बसलेल्या बापाच्या उशाशीं मुलें स्वतःच्या समाधानासाठीं पोथी लावतात. जोंवर त्याला बोलतां येतें, तोंवर त्यालाच विचारावें, हाच येथें नियम.

वृद्धाश्रमांत तर ही विचारपूस आधींच करून ठेवावी लागते. स्मृति हरपलेल्या वृद्धांना मुलांचीं नांवें आठवत नाहींत. पण लहानपणीं पाठ झालेली आरती किंवा प्रार्थना त्यांतील कित्येक जण अखेरपर्यंत म्हणूं शकतात. कोणाची प्रार्थना कोणती, याची टिपणी अशा वेळीं औषधांच्या नोंदीइतकीच उपयोगी पडते.

टास्माच्या खाटेशीं बसतांना साँडर्सबाईंनीं आपली श्रद्धा लपविली नाहीं, आणि त्याला तिच्याकडे ओढलेंहि नाहीं. मरणापूर्वीं त्याचा आपल्या पूर्वजांच्या देवाशीं समेट झाला होता, असें त्या पुढें सांगत. त्याच्या नांवाची खिडकी त्यांनीं सेंट ख्रिस्तोफरच्या प्रवेशद्वाराशीं बसविली.